पन्नास पिढ्यांची भूक

(पुण्यात, नाना पेठेतल्या एका बैठकीत केलेलं भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलोय. मुंबईच्या गोदीत माल उतरवतो, कधीमधी कविता लिहितो. घर इथलंच, ताडीवाला रोडला. मला भुकेवर बोलायला सांगितलंय. भुकेवर कविता पुष्कळ झाल्या. आज कविता नको. आज हिशेब मांडू.

भूक म्हटली की लोकांना मेळघाट आठवतं. बरगड्या मोजता येतील असं पोर, पेपरातला फोटो. पुण्यात भूक असते हे कुणाच्या मनातही येत नाही. इथं कॉलेजं, कंपन्या, चौकाचौकात हॉटेलं. पण वस्तीतली भूक फोटोत येत नाही. ती भात खाते, वडापाव खाते, चहात खारी बुडवून खाते. तिचं पोट भरलेलं असतं अन् रक्त रिकामं असतं.

हे माझ्या मनाचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, २०१९-२१ ची. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर पोरांतली ३५ वयाच्या मानानं खुजी निघाली. १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांत ५४ जणींच्या अंगात रक्त कमी. हे देशातलं श्रीमंत राज्य!

आता घरातलं सांगतो. माझी आई चार घरची धुणीभांडी करते. अंगावर मांस नाही, वजन जेमतेम चाळीस किलो. चाळिशीतच तिला साखर निघाली. मधुमेह. वस्तीतल्या बाया हसल्या, म्हणाल्या, हा तर बंगल्यातला रोग, तुला कसा झाला? दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, भात-चपाती कमी करा, डाळी, भाज्या, अंडी खा. आई बाहेर आली अन् म्हणाली, ‘‘रेशनला जे मिळतं तेवढंच बंद करायला सांगतोय हा.’’

हे वाक्य विनोदी नाही. सरकारचं सगळं अन्नधोरण त्या वाक्यात आहे.

साखर बंगल्यातून आमच्या घरात कशी आली? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. इथून जवळच, रास्ता पेठेत केईएम रुग्णालय आहे. तिथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत बायांचा अभ्यास सुरू केला. बाई गरोदर व्हायच्या आधीपासून तिची मापं घेतली, मग तिच्या पोराची. बाळं जन्मली ती सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर. इंग्लंडातलं बाळ साडेतीन किलोचं. पण गंमत पुढंच आहे. आपलं बाळ हाडामांसानं बारीक, चरबी मात्र त्या मानानं राखलेली. वरून रोड, आतून लठ्ठ. म्हणजे आईच्या पोटातच ते लेकरू दुष्काळाची तयारी करतं. पुढं दोन घास जास्त मिळाले की हीच साठवण अंगावर उलटते. त्या बायांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाचीही मोठी कमतरता सापडली. हे जीवनसत्त्व मिळतं मांस, मासे, अंडी, दुधातून. भातातून नाही.

माझी आई १९७३ ची. आजी-आजोबा सोलापूर जिल्ह्यातले. ७२ च्या दुष्काळात आजी पोटुशी असताना रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. संध्याकाळी मिलोची लाल भाकर, अमेरिकेतून आलेला मिलो. त्याच्या आधी काय होतं? गावकीची कामं करायची अन् दारोदार फिरून शिळी भाकर गोळा करायची. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं ढोर खाऊ नका, उष्टं-शिळं मागू नका. तो मानाचा प्रश्न होता. आज कळतंय की तो रक्ताचाही प्रश्न होता.

आणखी एक अभ्यास सांगतो. २०१५ साली तो छापून आला. पाषाणच्या आयसरमधले संशोधक त्या कामात होते. त्यांनी पांढरे उंदीर बघितले. एक-दोन नाही, पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेले. त्यांच्यात मधुमेहाकडं झुकणारे बदल दिसले. मग दोन पिढ्या पोटभर खायला दिलं. तरी ते बदल गेले नाहीत.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मला कळतं. आपण जन्मतः दुबळे, असा अर्थ कुणी काढला तर त्याच्या तोंडावर सांगा, दुबळं रक्त नव्हतं, रिकामं ताट होतं. पण जो कट्ट्यावर बसून विचारतो, ‘‘दोन पिढ्या सवलती खाल्ल्यात, अजून किती?’’ त्याला हे उंदीर दाखवा.

आता रेशनचा हिशेब. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला पाच किलो धान्य. दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. तांदूळ, गहू. डाळ नाही, तेल नाही. महाराष्ट्राच्या शहरांत हा हक्क फक्त ४५ टक्के लोकांना मिळेल असं वरूनच ठरलं, तेही २०११ च्या जनगणनेवर. शहरात कुटुंबाची मर्यादा घातली वर्षाला ५९ हजार. महिन्याचे पाच हजारसुद्धा नाहीत. दोघं कमावणारे असले की घर गेलं यादीबाहेर! अन् यादीत असलं तरी मशीनवर अंगठा उमटला पाहिजे. भांडी घासून झिजलेला, पोती ओढून सोललेला अंगठा. ज्यानं जास्त राबावं त्याचा अंगठा आधी पुसला जातो.

ताटातलं बाकीचं कुठं गेलं? गाय १९७६ च्या कायद्यानं बंद होती, २०१५ च्या मार्चपासून बैलही बंद. गरिबाचं स्वस्त मांस गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये आदेश निघाला, अंड्याला सरकारी पैसा नाही, लोकवर्गणी काढा. कुणाच्या भावना दुखतात म्हणून कुणाच्या पोरांची हाडं मऊ ठेवायची, एवढाच हा सवाल आहे.

यावर इलाज नाही का? आहे, आणि तो तपासून झालाय. झारखंडात २०१९ ते २०२२ मध्ये टीबीच्या रोग्यांच्या घरच्यांना महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ अन् जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांना हे मिळालं तिथं नवा टीबी जवळजवळ ४० टक्क्यांनी घटला. पाच किलो तांदूळ म्हणजे आपलं रेशनच की! फरक दीड किलो डाळीचा अन् गोळ्यांचा. हे काय परग्रहावरचं औषध आहे?

म्हणून आपली मागणी भिकेची नाही. रेशनवर डाळ अन् तेल पाहिजे. शाळेत अन् अंगणवाडीत अंडं पाहिजे, वर्गणीचं नाही, हक्काचं. ५९ हजारांची अट मोडली पाहिजे. अंगठा उमटला नाही म्हणून कुणाला परत पाठवता कामा नये. उद्यापासून प्रत्येकानं आपल्या वस्तीतली शंभर घरं फिरायची. कार्ड आहे का, धान्य मिळतं का, बाई शेवटी जेवते तेव्हा भांड्यात काय उरतं, हे वहीत लिहायचं. ती वही घेऊन आपण पुरवठा कार्यालयात जाऊ.

आईच्या पोटात सुरू झालेली लढाई आहे ही. आज जी पोरगी वस्तीत पोटुशी आहे, तिच्या ताटापासून सुरुवात करू.