थंडरबर्ड उघडताच मेल का येत नाहीत?
थंडरबर्ड सुरू होताच नवे मेल आले नाहीत, पण ‘गेट मेसेजेस’ दाबल्यावर आले, तर पासवर्ड ठीक आहे असे समजावे. बहुधा संगणक चालू होताच प्रोग्रॅम उघडतो, वायफाय मात्र अजून जोडलेले नसते. पहिली विचारणा वाया जाते. थोडे थांबून प्रोग्रॅम उघडावा. फरक पडला नाही, तर सर्व्हर सेटिंग्जमध्ये सुरुवातीलाच मेल तपासण्याच्या चौकटीत खूण आहे का ते पाहावे. बटण दाबूनही मेल येत नसतील, तर पोर्ट तपासावा: सुरक्षित आयमॅपसाठी ९९३, पॉपसाठी ९९५. खाते काढून पुन्हा जोडण्याची घाई मात्र अजिबात करू नये. पॉपने उतरवलेले जुने मेल अनेकदा फक्त त्याच संगणकावर असतात.