पदराआडचं बोलणं

धुळ्याकडच्या एक मावशी माझ्या दवाखान्यात आल्या. खुर्चीत बसल्या तरी तोंडावरचा पदर काही निघेना. हळूच म्हणाल्या, "मन्हा तोंडना वास येस का?" दात दुखत नव्हता. सून हल्ली जवळ बसत नाही, एवढंच त्यांचं दुखणं.

मी त्यांना जीभ बाहेर काढायला सांगितली. मागच्या भागावर पिवळसर थर साचला होता. चमच्याने तो अलगद खरवडला आणि चमचा त्यांच्याच नाकाशी धरला. त्यांनी झटकन मान फिरवली.

तोंडाला वास आला की आपण पोटाला दोष देतो, जुलाबाचं औषध घेतो. पण दहापैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत मूळ तोंडातच असतं. जिभेच्या मागे, दातांच्या फटींत, सुजलेल्या हिरड्यांखाली जंतू अन्नकण कुजवतात आणि गंधकाचे वायू सुटतात. लाळ ही घाण धूत असते. झोपेत ती कमी होते, म्हणून सकाळचा वास सगळ्यांनाच असतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पाण्याचा घोट न घेता रानात राबणाऱ्याचं तोंड तर दिवसाही कोरडं पडतं.

भरितातल्या लसणाचा वास वेगळा. तो रक्तात मिसळून फुप्फुसांतून येतो, त्यामुळे कितीही दात घासले तरी लगेच जात नाही. दिवसभरात ओसरतो. त्यासाठी भरीत सोडू नका!

मावशींच्या वासाचं खरं कारण मशेरी. वास जावा म्हणून दोन्ही वेळा लावायच्या. भाजलेली असली तरी ती तंबाखूच. ती वास झाकते आणि आत हिरड्या दातांपासून सुटत जातात. गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली. मशेरी मात्र घरच्या तव्यावर भाजली जाते.

काही वासांत मात्र थांबून चालत नाही. मधुमेह्याच्या श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास, सोबत उलट्या आणि धाप असेल, तर तडक दवाखाना गाठा. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येत असेल, तर आत शेंगदाणा किंवा मणी अडकलेला असू शकतो. आणि काहींना वास नसतोच, नुसती धास्ती असते. त्यांना हसू नका, ती माणसं चारचौघांत बोलणं सोडतात.

मावशींच्या हिरड्या साफ केल्या, जीभ घासायला शिकवली. परवा आल्या तेव्हा पदर खांद्यावर होता. संध्याकाळची मशेरी सुटली आहे. सकाळची अजून बाकी आहे.