सेल्फ मारतोय, पण गाडी लागत नाही

(मंडळाच्या शरद मेळाव्यात झालेल्या छोट्या भाषणाचा मजकूर)



डेट्रॉइटच्या परिसरात उभं राहून गाड्यांवर बोलायचं म्हणजे पुणेकराला पुण्यातला पत्ता सांगण्यासारखं आहे. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण दिवसभर गाड्यांचंच काम करतात. नदीपलीकडे विंडसरला नोव्हेंबर १९८३ मध्ये क्रायस्लरच्या मिनीव्हॅन बाहेर पडायला लागल्या, आणि इथे बोलायला उभा कोण, तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेला, सॉफ्टवेअरची कन्सल्टिंग करणारा मी! पण आपले कार्यवाह म्हणाले, "ज्यांना सगळं येतं त्यांना वेळ नाही. तू बोल."

विषय मुद्दाम लहान घेतलाय. जुनी मिनीव्हॅन आहे, किल्ली फिरवली की स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक्' आवाज आला किंवा काहीच झालं नाही, तर तो प्रश्न वेगळा. तो बहुतेक वेळा बॅटरीचा नाहीतर स्टार्टरचा असतो, त्याला जंपर केबल आणि एक चांगला शेजारी पुरतो. आज त्याबद्दल नाही.

आमच्या बाबांची बजाज स्कूटर सुरू झाली नाही की ते तिला आधी एका अंगावर आडवी करायचे, मग प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे. शास्त्र सगळं त्यात आलं बघा. पेट्रोल पोचतंय का? ठिणगी पडतेय का? मिनीव्हॅनच्या सहा सिलिंडरच्या इंजिनालाही तेवढंच लागतं: हवा, पेट्रोल, सिलिंडरमधला दाब आणि नेमक्या वेळी ठिणगी. ही नेमकी वेळ आता कॉम्प्युटर ठरवतो, आणि तिथेच माझ्यासारख्याला या विषयात तोंड घालायला जागा मिळते.

एक खरी गोष्ट सांगतो. मागच्या हिवाळ्यात एका मित्राची नोकरी गेली. इथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे, एच-वन-बी वर असताना नोकरी सुटली की जास्तीत जास्त साठ दिवस हातात असतात, २०१७ पासून तसा नियम आहे. त्यातले बावीस संपले होते. घरात दोन मुलं, एकच गाडी, तीही चौदा वर्षांची व्हॅन, आणि दोन दिवसांनी ग्रँड रॅपिड्सला समोरासमोर मुलाखत. ही व्हॅन सकाळी थंडीत झटकन सुरू व्हायची. अर्धा तास चालली की सिग्नलला बंद पडायची. मग कितीही सेल्फ मारा, काही नाही. दोन तासांनी पुन्हा शहाण्यासारखी सुरू! एका गॅरेजला फोन केला तर त्यांनी गाडी न बघताच सांगितलं, "फ्यूएल पंप गेला. टो धरून अकराशे डॉलर."

अकराशे डॉलर त्या आठवड्यात त्या घरात कसे ऐकू आले असतील याची कल्पना तुम्ही करू शकता. मित्र म्हणाला, "अरे, देऊन टाकतो, पण मुलाखतीला जाताना नक्की बंद पडणार नाही ना? मुलं मागे बसलेली असताना फ्रीवेवर बंद पडली तर?" याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं, कारण कोणी काही तपासलंच नव्हतं.

आता आमच्या धंद्यातला एक नियम. अधूनमधून येणारा बग शोधायचा तर तो आलेला असतानाच शोधावा लागतो. सुरू होणाऱ्या गाडीत सुरू न होण्याचं कारण सापडत नाही. म्हणून मी त्याला सांगितलं, "आता हात लावू नकोस. उद्या सोसायटीतच फिरव, बंद पडली की फोन कर." दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन आला.

पहिली दहा मिनिटं हत्यार लागत नाही, नुसते डोळे आणि कान लागतात. टाकीचा काटा खोटं बोलू शकतो, म्हणून शंका असेल तर आधी एक गॅलन पेट्रोल ओता. यात लाजण्यासारखं काही नाही. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडी किल्लीच ओळखत नाहीये, घरातली दुसरी किल्ली लावून बघा. किल्ली 'ऑन'ला आणल्यावर 'चेक इंजिन'चा दिवा लागायलाच हवा. नाही लागला, तर कॉम्प्युटरपर्यंत वीजच पोचत नसण्याची शक्यता मोठी, मग आधी फ्यूज आणि रिले बघायचे. आणि सेल्फचा आवाज ऐका. 'घुर्र-घुर्र-घुर्र' असा अडखळता, ठेक्यातला आवाज चांगला. तोच एकदम मोकळा, सलग आणि नेहमीपेक्षा भरभर येत असेल, तर दाब नाही, टायमिंग बेल्ट तुटला असेल. १९९९ नंतरच्या होंडा ओडिसीच्या व्ही-सिक्स इंजिनाला बेल्ट आहे, टोयोटा सिएनाला २००६ पर्यंत बेल्ट होता, २००७ पासून चेन आली. तो बेल्ट साधारण नव्वद हजार ते एक लाख पाच हजार मैलांना बदलायचा असतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर तो बदलल्याची पावती मागा. तसा आवाज आला तर सेल्फ मारणं ताबडतोब थांबवा, कारण काही इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि खर्च पाचपट होतो.

मित्राच्या गाडीत हे सगळं ठीक होतं. मग पेट्रोल. वहिनींना मागे टाकीजवळ कान देऊन उभं केलं आणि मी किल्ली 'ऑन' केली, सेल्फ न मारता. बऱ्याच गाड्यांत अशा वेळी पंप दोनेक सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. "भावजी, आवाज आला!" वहिनी ओरडल्या. म्हणजे पंप मेलेला नाही. ऑटोझोनसारख्या दुकानात प्रेशर गेज अनामत ठेवून मिळतो, परत केला की पैसे परत. तो लावला तर पन्नास पीएसआय. अशा गाड्यांत साधारण चाळीस ते साठ असतं. अकराशे डॉलरचा पंप तिथेच वाचला.

मग ठिणगी. यासाठी दहा डॉलरचा स्पार्क टेस्टर मिळतो. जुन्या मेकॅनिकसारखी वायर हातात धरून बघू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. मित्राने सेल्फ मारला, टेस्टर काळाच राहिला. एक सिलिंडर तपासला, दुसरा तपासला, ठिणगी नाही. सगळ्याच कॉइल एकदम जात नाहीत, तेव्हा सगळ्यांना जोडणारं काहीतरी एकच बिघडलेलं असणार.

आता मजेचा भाग. १९९६ पासून इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला आणि मिनीव्हॅनला ओबीडी-टूचा सॉकेट असतो, स्टिअरिंगखाली. वीसेक डॉलरचा ब्लूटूथचा अडॅप्टर त्यात खोचला की कॉम्प्युटरला काय दिसतंय ते फोनवर दिसतं. सगळे लोक तिथे फक्त कोड वाचतात. कोड नव्हताच. मी चालू आकडे बघितले. सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे फिरत असतं, तेवढा आकडा दिसायला हवा. दिसत होता शून्य. इंजिन आमच्या डोळ्यांसमोर फिरतंय आणि कॉम्प्युटर म्हणतोय, ते उभं आहे!

हे सांगणारा भाग म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. अंगठ्याएवढा असतो. तो गरम झाला की आतला जोड सुटतो आणि थंड झाला की जुळतो, असं जुन्या गाड्यांत पुष्कळ होतं. त्याचा सिग्नल नाही म्हटल्यावर कॉम्प्युटर ठिणगी देत नाही, इंजेक्टर उघडत नाही, आणि पंपही दोन सेकंदांपुढे चालवत नाही. म्हणून सेल्फ मारताना पंप गप्प असतो, आणि गॅरेजवाला म्हणतो पंप गेला. तो अगदीच चुकीचं बघत नाही. पंप गप्प आहे हे खरं, पण त्याला कोणी बोलायलाच सांगितलेलं नाही.

तरी थेट सेन्सर बदलायला धावायचं नाही. प्लग काढून पिना हिरव्या पडल्यात का, वायर एक्झॉस्टला टेकून जळलीय का, हे बघितलं. वायर ठीक होती. शेवटी त्या सेन्सरवर बाटलीने थंड पाणी सोडलं. पाच मिनिटांनी किल्ली फिरवली आणि गाडी लागली.

इथे टाळ्या वाजवू नका, पुढे ऐका. मिशिगनचं मीठ चौदा हिवाळे खाल्लेला तो बोल्ट! आम्ही बघूनच ठरवलं, हा आपल्याकडून तुटणार. ओळखीच्या एका लहान गॅरेजला सगळं कागदावर लिहून दिलं: कधी बंद पडते, प्रेशर किती, ठिणगी नाही, आरपीएम शून्य, गार केल्यावर सुरू. सेन्सर पंचेचाळीस डॉलर, मजुरी एकशेसाठ. त्यांनाही तो बोल्ट ड्रिल करून काढावा लागला. संध्याकाळी तासभर गाडी तापवून फिरवली, आणि गुरुवारी तो ग्रँड रॅपिड्सला जाऊन आला. ती नोकरी मिळाली नाही. चौथी मिळाली, एक्कावन्नाव्या दिवशी.

मला वाटतं, तो कागद सेन्सरपेक्षा महत्त्वाचा होता. मेकॅनिकला "गाडी चालत नाही" असं सांगितलं की तो अंदाजपंचे दाहोदरसे सुरू करतो आणि त्या अंदाजाचे पैसे आपण भरतो. लक्षणं लिहून दिली की तो वेगळ्या माणसासारखा बोलतो, असा माझा अनुभव आहे.

थोडं सावधगिरीचं, भराभर. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये थांबा, नाहीतर स्टार्टर आणि बॅटरी दोन्ही जातात. बॅटरी अशक्त असेल तर सेल्फ फिरतो पण कॉम्प्युटरला व्होल्टेज पुरत नाही, म्हणून सगळ्याआधी तीच चार्ज करून घ्या. पेट्रोलचा वास भरून राहिला असेल तर अॅक्सिलरेटर तळाला दाबून सेल्फ मारा, बहुतेक गाड्यांत त्याने इंजेक्टर बंद होतात आणि जास्तीचं पेट्रोल निघून जातं. प्रेशर गेज लावताना आसपास सिगरेट, हीटर काही नको. आणि थंडी आहे म्हणून गॅरेजचं दार लावून हे प्रयोग करू नका. गाडी सुरू झाली तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, त्याला वास नसतो.

बोलून झालं. बाहेर पार्किंग लॉटमध्ये माझी व्हॅन उभी आहे. तिचा एक रिले सकाळीच काढून मी खिशात ठेवलाय. किल्ली समोरच्या टेबलावर आहे, अडॅप्टर आणि टेस्टर गाडीत आहेत. कोणता रिले ते चार-चार जणांनी शोधायचं, गाड्या डिझाइन करणाऱ्यांनी शेवटी यायचं. जेवणाला अजून चाळीस मिनिटं आहेत. चला.