औषधाचे मूळ नाव

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शाळामास्तराने औषधांविषयी बोलावे, हे येथील डॉक्टरमंडळींस कदाचित रुचणार नाही. परंतु आमचा विषय नावांचा आहे, आणि नावे पाठ करून घेण्यातच आमचा जन्म गेला.

आमच्या थोरल्या बंधूंस रक्तदाबासाठी गावच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली होती. पुढे ते शहरात मुलाकडे राहावयास गेले. तेथील डॉक्टरांनी दुसरी दिली. बंधूंनी दोन्ही मोठ्या श्रद्धेने चालू ठेवल्या. पाय सुजले, आणि एके सकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घेरी येऊन ते पडले. खुबा मोडला. मग आम्ही चष्मा लावून दोन्ही पट्ट्या वाचल्या. कंपन्यांची नावे निराळी, औषध मात्र एकच: ॲम्लोडिपिन. शब्द दोहोंवर छापलेला होता. घरात तो कोणी वाचलाच नव्हता, आम्हीही नाही.

त्याच वर्षी आम्ही अमेरिकेत कन्येकडे गेलो. तेथील औषधविक्रेत्याने जावईबापूंस चिठ्ठीतील नावाऐवजी भलत्याच नावाची डबी दिली. आम्ही पोळलेले, लगेच हरकत घेतली. तेव्हा त्याने सरकारी सूची दाखविली. तेथील औषध खाते 1980 पासून ती प्रसिद्ध करते. मुखपृष्ठाच्या रंगावरून तिला ‘ऑरेंज बुक’ म्हणतात. तीत मूळ द्रव्याच्या नावाखाली निरनिराळ्या कंपन्यांची मंजूर औषधे ओळीने दिलेली असतात. जी एकमेकांच्या जागी चालतात त्यांस ‘ए’ने आरंभ होणारी खूण, ज्यांची बरोबरी सिद्ध नाही त्यांस ‘बी’ने. गोळीतील औषध रक्तात किती व किती वेगाने उतरते, हे साधारणपणे माणसांवर मोजून ही बरोबरी ठरते. आपल्या देशातील कारखान्यांच्या गोळ्याही तीत पुष्कळ आहेत, हे पाहून ऊर भरून आला, हे कबूल करतो.

आपल्याकडे 2022 च्या राष्ट्रीय आवश्यक औषधसूचीत 384 औषधे मूळ नावांनी दिली आहेत. मात्र कोणती गोळी कोणत्या गोळीच्या तोडीची, अशा खुणा तीत नाहीत. म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बदलू नये, डॉक्टरांस विचारावे. पण विचारण्यापुरते तरी मूळ नाव ठाऊक हवे ना?

बंधू आता काठी घेऊन चालतात. आमच्या नातीने त्यांना एक वही आखून दिली आहे. पहिला रकाना मूळ नावाचा, कंपनीचे नाव त्यानंतर. गेल्या महिन्यात एका डॉक्टरांनी ती वही पाहिली आणि चिठ्ठीवर नुकतेच लिहिलेले एक औषध निमूटपणे खोडले.