मुका सोबती आणि शाळेतील मूल



भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा नर्सीच्या या हिंगोली जिल्ह्यात कोणास ठाऊक नाही? न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या दालनात मात्र कुत्र्यानेच मुलाला काही दिले. जिंगल्सच्या सहवासात मिटलेले मूल मोकळे झाले. हा अनुभव १९६२ साली प्रसिद्ध झाला. मुंबईत मीनल कविश्वर यांच्या ॲनिमल एंजल्स फाउंडेशनने प्रशिक्षित कुत्री विशेष मुलांच्या शाळांत नेली. अडखळत वाचणाऱ्यास कुत्रा हसत नाही, हे केवढे मोठेपण!

तथापि रस्त्यावरील कुत्रे थेट वर्गात आणणे ही जीवदया नव्हे. शांत स्वभाव, रेबीजची लस, जाणता सांभाळणारा आणि घाबरणाऱ्या मुलास दूर राहण्याची मुभा हवीच. कुत्रा वारंवार जांभया देऊ लागला, तोंड फिरवू लागला, की त्यासही तत्काळ विश्रांती द्यावी.