भिडे वाडा आणि वर्गातला वाद

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. ती देशातली पहिली, असं शिकवलं की एखादा हात वर होतो: अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार तर त्याआधीच मुंबईत, मग नगरला मुलींना शिकवत होत्या, बंगालात बारासातची मुलींची शाळा १८४७ची. अशा वेळी ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून विषय मिटवणं ही निःपक्षता नव्हे, तो आळस आहे. इथे पुरावे फळ्यावर मांडावेत आणि ‘पहिली’ म्हणजे नक्की कशात, हे मुलांकडूनच काढून घ्यावं. फुल्यांचं मोठेपण त्याने उणावत नाही. मुलींनी शिकावं की नाही, हा तेव्हाचा वाद मात्र आज खुला नाही. विरोधकांची भीती समजावून द्यावी. तिच्यावर मतदान घेऊ नये.

वाड्याचं पुढे काय झालं, हा प्रश्न वेगळा. वाडा सोडावा लागू नये म्हणून तिथले भाडेकरू दुकानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, हरले. डिसेंबर २०२३मध्ये स्मारकासाठी वाडा पाडला गेला. जुनी वास्तू जपायची की नवं स्मारक, दुकानदारांच्या पोटापाण्याचं काय, यावर समंजस माणसांतही मतभेद असतात. इथे शिक्षकाने आपलं मत मागे ठेवावं. ते कधीच सांगू नये, असा आग्रह काही पालक धरतात, पण गप्प बसण्याचाही अर्थ मुलं लावतातच. विचारलं तर सांगावं, कारणांसह, आणि शेवटी. आधी सांगितलं की वहीत तेच उतरतं.