स्वभाव, विचारांचा रवंथ आणि विषाद



महोत्सवाच्या आनंदात विषादाचा विषय काढला, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्या माकणीने अनुभवली, तिला हा विषय परका नाही. चारच्या सुमारास धरणी हादरली. किल्लारीपासून आपल्या शेजारच्या सास्तूरपर्यंत घरे मातीस मिळाली व एकंदर सुमारे दहा हजार जीव गेले. संकट सर्वांवर एकच. तथापि कित्येक पुन्हा उभे राहिले आणि कित्येकांच्या मनातील ढिगारा कधी उपसलाच गेला नाही. असे का व्हावे?

ज्याचे आप्त गेले त्याचे दुःख अधिक, हे उघड आहे. पण एवढ्याने उलगडा होत नाही. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात भूकंप झाला. सुझन नोलेन-होक्सेमा या विदुषीने योगायोगाने १४ दिवस आधीच स्टॅनफर्ड येथील विद्यार्थ्यांची मनःस्थिती व विचारांची रीत टिपून ठेविली होती. सात आठवड्यांनी पुन्हा पाहिले, तो ज्यांना पूर्वीपासून आपल्या दुःखाचा रवंथ करण्याची सवय होती, त्यांच्यात विषाद अधिक आढळला. मूळची खिन्नता जमेस धरूनही हा फरक उरला.

काही माणसे उपजतच हळवी, चटकन धास्तावणारी असतात. तो दोष नव्हे, पाप तर नव्हेच. अशा मनास लागलेली ठेच खोल जाते व विचार तेथेच घोटाळतात: माझ्याच वाट्यास हे का? मीच नालायक! हळवेपणा विषादापर्यंत पोहोचतो, तो पुष्कळदा याच वाटेने. गाईने रवंथ केला तर दूध तरी मिळते. हा रवंथ झोप, भूक व उमेद खातो. कर्ज कसे फेडावे याचा हिशेब मांडणे निराळे, आणि कर्ज झालेच का म्हणून रात्रभर स्वतःस कोसणे निराळे. स्वभाव पालटणे कठीण; विचारांची रीत मात्र शिकून पालटता येते. आरन बेक (१९२१–२०२१) यांनी याच पायावर उपचार उभारला.

अशा माणसास ‘तुझी श्रद्धा उणी पडली’ असे कोणी म्हणू नये. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने प्रवचन केले नाही. भाकर व पाणी दिले, झोपू दिले. (आम्हां धर्मगुरूंस हे अवघड जाते!) त्यास एकटे सोडू नका, हलक्या कामास सोबत न्या. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, आणि त्यास पैसे पडत नाहीत.